दिपी, त्याला सांग

जहाजावरून, काकीनाड्यासमोरचा समुद्र
१८ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

पोचले. तीन दिवस पोटात काही ठरत नव्हतं, आता जेवते आहे. इथे मोबाइलला रेंज नाही आणि इंटरनेट फक्त कंपनीच्या कामाचं. जहाजाचा एक फोन आहे, त्यावर शनिवारी प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. तुला फोनचा काय उपयोग? म्हणून ती पाच मिनिटं आबांना आणि पत्रं तुला. काकीनाड्याहून दर आठवड्याला सामानाची बोट येते, तिच्यातून टपाल जातं-येतं.

तू विचारलं होतंस, समुद्रात बर्फ कुठून आला. इथे पाणी किलोमीटरभर खोल आहे. त्याच्या तळाखाली वाळूचे थर आहेत आणि त्या वाळूत गॅस पाण्याबरोबर गोठून बसलाय. थंडी आणि वरच्या पाण्याचा दाब आहे तोवर तो तसाच राहतो. आम्ही त्या थरापर्यंत विहीर पाडली आहे. आता पंपाने विहिरीतलं पाणी उपसून आतला दाब कमी करायचा, म्हणजे बर्फ विरघळून गॅस सुटेल. असा गॅस महिनाभर सलग निघतो का, एवढंच बघायला हे सगळं जहाज उभं आहे.

माझं काम शीतखोलीत. तळातून काढलेले वाळूचे नमुने पोलादी नळ्यांत, खालच्याच दाबात ठेवलेले असतात. ते सांभाळायचे, मोजायचे. शिकताना आम्ही प्रयोगशाळेत असा एक खडा ताटलीत पेटवला होता. वर निळा जाळ आणि खाली पाण्याचं थारोळं. तुला बघायला आवडलं असतं. इथे मात्र काडी ओढायलाही बंदी आहे.

चाळीस दिवसांनी सुटका. पेरू कसे आहेत? आबा तुझ्याशी नीट वागतात ना?

तुझी,
दिपी


निमगाव केतकी
३० जानेवारी

प्रिय दिपी,

पत्र दोनदा वाचलं. जाळ आणि पाणी एकाच ताटलीत, हे मला पटायला वेळ लागला.

पेरू चांगले आहेत. फळांना पिशव्या घालून झाल्या, पहिला तोडा सुरू आहे. आबा वाईट वागत नाहीत. ते वागतच नाहीत. तू असलीस की ते तुझ्याकडे बघून म्हणतात, ‘दिपी, त्याला सांग.’ आता तू नाहीस, म्हणून सांगत नाहीत. काल व्यापारी आला. मी बागेचा मालक असून बाजूला उभा राहिलो. दोघांचे ओठ हलत होते. व्यापाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि गाडी भरून गेला. भाव काय ठरला, ते मला संध्याकाळी पावतीवर कळलं.

तू गेल्यापासून दिवसभर कुणी माझ्याशी बोलत नाही. आधीही फक्त तूच बोलायचीस, पण ते लक्षात येत नव्हतं.

पॅकिंगला नवीन बाई आली आहे. अनिता नाव. नरसिंहपूरकडची. हात चलाख आहे.

बर्फ संपल्यावर ती वाळू खाली बसते का? वरची जमीन खचत नाही का?

सिद्धू


जहाजावरून
९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

परवा गॅस आला!

पंप सुरू करून दोन दिवस नुसतं पाणीच येत होतं. सगळे एकमेकांकडे चोरून बघत होते. मग दुपारी जहाजाच्या टोकावर, लांब काढलेल्या नळीच्या तोंडाशी जाळ धरला. आधी फुरफुरला, मग माणसाएवढा उंच झाला. आमचे साहेब डेकवर चक्क नाचले. तू असतास तर डेकच्या थरथरीवरूनच ओळखलं असतंस, की खाली काहीतरी जिवंत झालंय.

तुझा प्रश्न मी साहेबांना विचारला. ते म्हणाले, हाच खरा प्रश्न आहे. बर्फ वाळूला चिकटवून ठेवतो. तो गेला की वाळू सुटी होते, तळ खचू शकतो आणि वाळू विहिरीत शिरते. तळावर मोजायची यंत्रं ठेवली आहेत.

एक वाईट बातमी. माझ्या जागी येणारी मुलगी वैद्यकीय तपासणीत नापास झाली. या नळ्या सांभाळायचं प्रशिक्षण दुसऱ्या कुणाकडे नाही, त्यामुळे मी सुटत नाही. बोट दर आठवड्याला येते, माणसं चढतात-उतरतात आणि मी कठड्याशी उभी राहून टपालाची पिशवी बघते. डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं आणि परत फिरायचं. तेवढंच जग.

ही अनिता कोण? तिच्या घरी कोण कोण आहे? जपून राहा हं. बाग तुझ्या नावावर आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

दिपी


निमगाव केतकी
१७ फेब्रुवारी

प्रिय दिपी,

तुझ्यापासून लपवायचं नव्हतं. कसं लिहायचं ते समजत नव्हतं.

अनिताचा नवरा चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. सासरच्यांनी ठेवली नाही. तिच्या आजोबांची मेंढरं होती, आता भाऊ ज्ञानेश शेती करतो. पहिल्या आठवड्यात ती मला पेरू दाखवून बोटांनी विचारायची, हा कुठल्या ढिगात? मी दाखवायचो. मग एक दिवस तिने विचारलं, ‘उशीर’ला हात कसा करायचा? मग ‘ऊन’. मग ‘राग’. आता ती आपल्या हातांनी बोलते, दिपी. चुकते, पण बोलते. एका हंगामात! आबांना इतक्या वर्षांत ‘पाणी’ची खूणही आलेली नाही.

काल तिने मला विचारलं, तुला कशाची भीती वाटते? असं मला कुणी विचारलेलं नाही. तूसुद्धा.

मला तिच्याशी लग्न करायचं आहे. तिलाही. आबांना तू सांग. घरी आलीस की सांग. तुझ्या तोंडून आलं तर ते ऐकतील.

सिद्धू


जहाजावरून
२ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. घाई करू नकोस. मी आले की बसून बोलू.

इकडे काम अडकलंय. विहिरीत वाळू शिरली. तळाशी जाळी बसवलेली असते ती चोंदली, पंप धापा टाकायला लागला आणि जाळ बुटका होत होत विझला. आता नळीच वर निघत नाही, वाळूने धरून ठेवली आहे. ओढावी तर तुटेल, सोडावी तर एवढं सगळं वाया. दिवसभर यंत्रं ओढतात, थांबतात, परत ओढतात.

शनिवारी आबांशी बोलले. बरे आहेत म्हणाले.

काळजी घे.

दिपी


जहाजावरून
१५ मार्च

दादा,

दोन बोटी आल्या, तुझं पत्र नाही. आजारी आहेस का? आबा फोनवर नुसतं ‘बरं हाय, बरं हाय’ म्हणतात. काल विचारलं, दादा कुठाय? तर म्हणाले, ‘हाय हितंच. जातोय कुठं?’

मला बरं वाटलं नाही. दोन ओळी तरी लिही.

दिपी


निमगाव केतकी
२१ मार्च

दिपी,

दोन ओळी मागितल्यास, थोड्या जास्त लिहितो.

रविवारी सकाळी आबांनी अनिताला फाटकातूनच परत पाठवलं. मी बागेच्या टोकाला होतो. मी पोचलो तेव्हा ती रस्त्याला लागली होती. तिने वळून हात केले: ‘तुझ्या बहिणीला मी चोर वाटते.’

मी पाटीवर ‘का?’ लिहून ती आबांसमोर धरली. त्यांनी लिहिलं: ‘ती आपल्यातली न्हाय. बागंवर डोळा हाय तिचा. दिपीनंच फोनवर सांगितलं.’

आबांच्या सांगण्यावरून झुंबरकाकांनी माझ्या मोटारसायकलची चावी घेतली. फाटकाला संध्याकाळी कुलूप लागतं. मी कुठे उठलो की कुणीतरी उठतं. वाद घालायला मला आवाज नाही, आणि माझे हात वाचणारं इथे कुणी नाही. हे तुला माहीत होतं.

माझ्या मनातलं मी तुला लिहिलं. तू ते आबांना सांगितलंस, पण मी सांगितलं तसं नाही. तुला वाटलं तसं. लहानपणापासून माझ्या वतीने तूच बोलतेस. किती वेळा असं केलं असशील, ते मला कसं कळणार? मला ऐकू येत नाही.

पत्र पाठवू नकोस.

सिद्धू


जहाजावरून
२९ मार्च

दादा,

पाठवू नको म्हणालास, तरी पाठवते. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

गेल्या मंगळवारी मी शीतखोलीत अडकले. आबांना सांगितलेलं नाही.

ही खोली म्हणजे लोखंडी कंटेनर. जाड दार, त्यात वहीच्या पानाएवढी काच. दुपारी एका नळीचं झाकण तपासत होते. झाकणाच्या जोडातून बारीक सीईई असा आवाज आला. गॅसची सूचना देणारी घंटा वाजली, वीज आपोआप तुटली, पंखा बंद. हे सगळं व्हायला पाहिजे तसंच झालं. मी दाराकडे गेले, कडी दाबली आणि दार उघडलं नाही. बाहेरचा अडसर वाकून बसला होता.

या गॅसला वास नसतो, दादा. तो हवा ढकलून तिची जागा घेतो, तेही कळत नाही. डोकं हलकं व्हायला लागलं तेव्हा कळलं. दारावर मुठी मारल्या, ओरडले. बाहेर नळी ओढणाऱ्या यंत्रांचा एवढा आवाज, की डेकवरचे सगळे कानांवर टोप्या घालून असतात. मी माझ्या आवाजाने घसा फोडत होते आणि तो दाराच्या या बाजूलाच राहत होता.

मग काचेत संदेश दिसला. तो इथला फिटर, सोलापूरचा. दार अडकलंय एवढंच त्याला कळलं. बाहेरचा लाल दिवा खोलीतली थंडी कमी झाली तरी लागतो, त्याला तेच वाटलं. त्याने मला ‘थांब’ अशी खूण केली आणि परत आला तो हातात ग्राइंडर घेऊन. अडसर कापायला. लोखंडावर ग्राइंडर, म्हणजे ठिणग्या. आणि आत मी गॅसमध्ये उभी.

मी ओरडले, ‘नको!’ तो मान खाली घालून वायर जोडत होता. मी टॉर्च काचेवर आपटली. त्याने वर बघितलं. मग मी टॉर्च फळीवर ठेवली, माझ्या हातांवर उजेड पडेल अशी, आणि तुझ्यासारखी बोलले. त्याच्या हातातल्या यंत्राकडे बोट. मग पाच बोटांनी ठिणग्या. मग आपला चुलीचा जाळ. मग दोन्ही हात फाकून सगळं उडालं, आणि शेवटी मी डोळे मिटून मान टाकली. त्याने यंत्र खाली ठेवलं, तापलेल्या तव्यासारखं.

त्याच्या बाजूच्या भिंतीवर एक चाक असतं. ते फिरवलं की नळीतला दाब बाहेरच्या बाहेर समुद्रावर सुटतो. ते कसं सांगायचं? तू ठिबकची लाइन सुरू करताना मला लांबून खूण करतोस ना, मनगट फिरवून, मग बोटांनी थेंब? तीच केली. आधी त्याला कळेना. परत केली. हळू, चेहऱ्यावरही तेच भाव आणून, तू करतोस तशी. तो वळला आणि त्याने चाक फिरवलं. सीईई थांबलं. मग मी हातांनीच पहार दाखवली आणि त्याने दार पहारेने उचकटलं.

बाहेर पडल्यावर मी डेकवर बसून राहिले. संदेश कानावरची टोपी काढून म्हणाला, ‘ताई, हे हातवारे कुठं शिकलात?’

काचेमागे तू तीस वर्षं उभा आहेस. मी थोडाच वेळ होते आणि वेडी झाले होते. बाहेरचा माणूस मनानेच ठरवतो आपल्याला काय हवंय, आणि चांगल्या मनानेच ग्राइंडर घेऊन येतो. मी तेच केलं तुझ्यासोबत. बागेचं खरंच मनात आलं होतं. पण त्याहून जास्त हे बोचलं, की ती एका हंगामात शिकली. मग माझं काय काम उरलं?

काल आबांना फोनवर एवढंच सांगितलं, माझी चूक होती, अनिताला बोलवा. ते म्हणाले, ‘आता तू मला शिकवणार?’ आणि फोन ठेवला.

माफी मागत नाही, ती फार स्वस्त होईल. मी मोकळी असते तर आज निघाले असते. पण नवीन माणूस एप्रिलअखेर येणार म्हणतात. मी इथे आणि तू तिथे.

दिपी


बारामती
१२ एप्रिल

दिपी,

फाडलं नाही.

संदेशला माझा नमस्कार सांग. शेवटच्या खुणेत तू थेंब वरून खाली दाखवलेस का? तसंच दाखवायचं असतं. लोक उलटं करतात.

मी घर सोडलं. पळून नाही. गुरुवारी बाजार होता, सगळे आपापल्या कामात होते. मी दिवसाढवळ्या फाटक उघडून एसटी स्टँडवर गेलो. झुंबरकाका मागे आले, हात धरला. मी हात सोडवून घेतला आणि ओरडलो. माझा आवाज कसा आहे मला माहीत नाही. शाळेत मुलं हसायची, म्हणून मी तो बंद केला होता. सगळा स्टँड वळून बघायला लागला. काकांनी हात सोडला.

कंडक्टरला कागदावर नरसिंहपूर लिहून दिलं. तिच्या दारात ज्ञानेश उभा राहिला. तो मोठ्याने बोलत होता, मानेच्या शिरा दिसत होत्या. मी फक्त उभा राहिलो. अनिता बाहेर आली आणि तिने माझ्याशी हातांनी बोलायला सुरुवात केली. ज्ञानेश गप्प झाला. त्याने आपल्या बहिणीला असं बोलताना कधी बघितलं नव्हतं.

ती म्हणाली, ‘तुझ्या घरात मी येणार नाही. तिथे तुलाच जागा नाही.’ मी म्हणालो, मग दुसरीकडे. तिने एकदा ज्ञानेशकडे बघितलं. मग म्हणाली, ‘आधी खोली बघ.’

शाळेतला गेणू बारामतीत एका रोपवाटिकेत काम करतो. त्याच्या शब्दावर मालकाने मला कलमं बांधायला घेतलं. इथे आम्ही दोघे बहिरे, मालक हाताने बोलायला शिकतो आहे. खोली बघितली आहे. पुढच्या आठवड्यात लग्न नोंदवायचं आहे. ज्ञानेश साक्षीदार म्हणून येतो म्हणाला, पण हसला नाही.

तुझ्यावरचा राग अजून आहे. पण आता तो लिहून सांगण्याइतका आहे.

सिद्धू


मु. पो. निमगाव केतकी
२० एप्रिल

चि. दिपाली हिस रावजीचा आशीर्वाद.

पत्र लिवायची सवय न्हाय, चुकभूल माफ कर. फोनवर पाच मिंटात मला काय बी सुदरत न्हाय, म्हून लिवतो.

सिद्धू गेला हे तुला कळलंच आसंल. झुंबर म्हनतो, येईल चार दिसात पोटाला चिमटा बसला की. मला न्हाय वाटत. लगीन बी झालं म्हनं. मला बोलावलं न्हाय, आन बोलावलं आसतं तरी मी गेलो नसतो, तवाच्या रागात.

त्यो गेल्यापासून घर लई गप झालंय. तू म्हनशील, त्यो तर मुका, त्यो आसताना कुठं गडबड व्हती? पर व्हती. त्यो भांडी आपटायचा, दार आपटायचा, चालताना पाय वाजवायचा. त्याला ऐकू यायचं न्हाय, मी ऐकायचो. आता मी एकलाच जेवतो.

बागंत छाटनी आलीय. कुठली फांदी धरायची, कुठली सोडायची, त्याला ठावं. मी पंचवीस वरसं त्याला बाग शिकवली आसं गावात सांगत फिरलो. पर शिकवली कशी? त्यानं नुसतं बघितलं आन उचललं. मी त्याच्याकडं कधी तसं बघितलं न्हाय.

तर येक काम कर. ‘घरी ये’ हे हातानं कसं म्हनायचं, त्ये लिवून धाड. न्हायतर तूच त्याला पत्रातनं सांग. तुझं त्यो ऐकतो.

रावजी


जहाजावरून
२७ एप्रिल

ती. आबांस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून मी कठड्याशी जाऊन रडले. इतकी वर्षं मी तुमची मुलगी, पण तुमचं पत्र पहिल्यांदा आलं.

आबा, मी लिहून पाठवणार नाही. आणि दादाला सांगणारही नाही. रागावू नका. ही खूण मला येते, दोन ओळींत लिहिता येईल. पण मग परत तेच होईल, तुमच्या मनातलं माझ्या हातून. आई गेली तेव्हा मी सातवीत होते. तेव्हापासून तुम्हा दोघांच्या मधे मी उभी आहे. मलाही तिथून हलता आलं नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं का?

बारामतीला जा. रोपवाटिकेचा पत्ता खाली लिहिते. झुंबरकाकांना नेऊ नका. दादासमोर उभे राहा आणि त्यालाच विचारा, कसं म्हणायचं.

इकडची विहीर बुजवायचं ठरलं आहे. गॅस निघतो हे कळलं, वाळू अडवता येत नाही हेही कळलं. भोकात सिमेंट भरून आम्ही निघू. नवीन जाळी तयार करून पुढच्या वर्षी दुसरीकडे विहीर पाडतील. मला त्यात तीन वर्षांसाठी बोलावलं आहे. मी हो म्हणणार आहे. घरी येईन, पण राहायला नाही.

तुमची,
दिपाली


बारामती
९ मे

प्रिय दिपी,

आबा आले होते.

मी कलमांना पाणी मारत होतो. गेणूने खांद्यावर हात ठेवून दाखवलं. ते शेडच्या दारात उभे होते, धुतलेला सदरा, हातात पिशवी. मी गेलो नाही, ते आले नाहीत. मग मालकाने खुर्ची ठेवली, तीही तशीच राहिली.

आबांनी इकडे-तिकडे बघितलं. मला वाटलं, सवयीने तुला शोधतायत. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि उजवा हात वर केला. त्यांनी मला काहीतरी सांगितलं. दोनदा सांगितलं. कुणाला तरी विचारून आले असतील किंवा मनानेच जुळवलं असेल, कारण चेहरा म्हणत होता ‘ये’ आणि हात म्हणत होता ‘जा’.

अनिता माझ्या शेजारी होती. तिने तोंडावर पदर धरला. मलाही हसू आलं, आवाज करून हसलो. आबा घाबरले. त्यांना वाटलं, आपण काहीतरी वाईट बोलून गेलो.

घरी परत जायचं नाही, हे मी आणि अनिताने ठरवलं आहे. छाटणीला दोन दिवस येईन, संध्याकाळी परत. हे सगळं त्यांना पाटीवर लिहून देणार होतो.

पण त्याआधी मी पुढे गेलो, त्यांचा तो वर धरलेला हात हातात घेतला आणि उलटा केला. तळवा त्यांच्याकडे. बोटं आत.

मग सोडला आणि वाट बघितली.

सिद्धू